विमानात किती सीट बसवायच्या, हे कोण ठरवतं?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि खारघर, उलवे, पनवेल, नेरूळ या पट्ट्यात विमान कंपन्यांत काम करणारी माणसं जास्त दिसू लागली. केबिन क्रू, रॅम्पवरची, म्हणजे उभ्या विमानाजवळ बॅगा चढवणारी-उतरवणारी मुलं, लाइन मेंटेनन्सचे इंजिनिअर, चेक-इन काउंटरवरच्या मुली. त्यांतली काही माझ्या शेजारात राहतात, काही नात्यातली आहेत. ती एकत्र बसली की पगार आणि रोस्टर झाल्यावर विषय निघतो तो विमानाच्या आतल्या मांडणीचा. नवी छोटी जेट विमानं घ्यायची तर आत सीट किती, बिझनेस क्लास हवा का, मागची गॅली, म्हणजे क्रूचा खाणंपिणं ठेवायचा-वाढायचा कोपरा, ठेवायची की तिथे अजून एक रांग घालायची. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मला जे उमगलं ते इथे मांडते आहे. सीटचा आकडा ठरवताना प्रवाशाच्या गुडघ्यांचा विचार फार उशिरा होतो. आधी कायद्याचे, करांचे आणि कामगार करारांचे उंबरठे मोजले जातात. ते सगळं जमवून झाल्यावर जी जागा उरते, ती दिवसभर आत उभं राहून काम करणाऱ्यांच्या वाट्याला येते. या शेवटच्या माणसाबद्दल बोललं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी रीजनल जेट म्हणजे काय ते पाहू. नागपूर, दिल्लीला जाताना आपण बहुतेक वेळा एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७मध्ये बसतो. मधे एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. यांत १८०च्या आसपास माणसं मावतात. कोल्हापूर, नांदेडसारख्या शहरांसाठी एवढं मोठं विमान रोज भरत नाही. तिथे ५० ते १०० माणसांचं छोटं विमान लागतं. पंखे फिरताना दिसतात ते एटीआर, म्हणजे टर्बोप्रॉप. जेट इंजिनावर चालणारी छोटी विमानं ती रीजनल जेट. यात जगभर सगळ्यांत जास्त दिसणारं नाव ब्राझीलच्या एम्ब्रेअरचं. कॅनडाच्या बोम्बार्डिअरची सीआरजे विमानंही खूप चालली, पण तो उद्योग २०२०मध्ये मित्सुबिशीकडे गेला आणि नवी सीआरजे बनणं २०२१मध्ये थांबलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअरची दोन प्रकारची विमानं चालवते: ५० सीटचं ईआरजे-१४५ आणि ७६ सीटचं ई-१७५.

५० आणि ७६ हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा. दोन्हींमागे गोष्ट आहे.

पन्नासचा उंबरठा

डीजीसीए, म्हणजे आपल्याकडे विमान वाहतुकीचे नियम करणारी सरकारी संस्था, तिचा नियम असा की विमानात बसवलेल्या दर ५० सीटमागे किमान एक केबिन क्रू हवा. मोजायच्या त्या बसवलेल्या सीट, बसलेले प्रवासी नव्हेत. विमान अर्धं रिकामं गेलं तरी क्रू तेवढाच लागतो. अमेरिकेतही हिशेब साधारण असाच आहे. म्हणून ५० सीटच्या विमानात एक क्रू पुरतो आणि ५१वी सीट बसवली की दुसरा घ्यावा लागतो. त्याचा पगार, प्रशिक्षण, हॉटेल, पहाटे तीनला सोसायटीच्या गेटवर येणारी कॅब, हे सगळं त्या एका सीटच्या तिकिटातून निघणार नाही. त्यामुळे मधले आकडे फारसे कोणी निवडत नाही. एक तर ५०वर थांबायचं, नाही तर थेट सत्तर-ऐंशीकडे जायचं.

पुढचा उंबरठा १००चा. नेदरलँड्सच्या केएलएम सिटीहॉपरने आपल्या ई-१९० विमानांत मोजून १०० सीट ठेवल्या. मोठ्या विमानांतही हेच दिसतं. इंडिगोच्या बऱ्याच ए-३२० निओमध्ये १८६ सीट आहेत. पूर्वीची नेहमीची संख्या १८० होती. १८० असो की १८६, क्रू चारच लागतो. वाढलेल्या सहा सीट कुठून आल्या? मागच्या बाजूची टॉयलेट आणि गॅली एकमेकांत दाटून बसवली, त्यातून. प्रवाशाला हे कळतही नाही. मागे काम करणाऱ्या क्रूला पहिल्याच दिवशी कळतं.

शहात्तर आणि अमेरिकेतले वैमानिक

आता ७६. हा आकडा अमेरिकेतून आला. तिथल्या मोठ्या कंपन्या लहान मार्गांचं काम दुसऱ्या, स्वस्तात चालणाऱ्या छोट्या कंपन्यांकडून करून घेतात. विमानावर नाव आणि रंग मोठ्या कंपनीचा, आतले वैमानिक मात्र कमी पगाराचे. असं सगळंच काम बाहेर गेलं तर आपल्या नोकऱ्यांचं काय, या भीतीतून मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात एक कलम घालून घेतलं. त्याला स्कोप क्लॉज म्हणतात. बाहेर द्यायच्या विमानात ७६पेक्षा जास्त सीट नकोत आणि त्याचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ८६,००० पाउंडांपेक्षा, म्हणजे साधारण ३९ टनांपेक्षा जास्त नको. शिवाय अशी विमानं किती असावीत यावरही मर्यादा.

एका कामगार कराराने विमानाचा नकाशा कसा ठरतो, हे इथे स्वच्छ दिसतं. ई-१७५ या विमानात चार-चारच्या २२ रांगा लावल्या तर ८८ सीट मावतात आणि केएलएम सिटीहॉपरने त्या तशा लावल्याही. अमेरिकेत मात्र ७६वर थांबणं भाग होतं. मग उरलेल्या लांबीत पुढे बिझनेस क्लास घातला. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन, अशा चार रांगा म्हणजे १२ सीट. मागे सोळा रांगा गुणिले चार म्हणजे ६४. झाले ७६. स्टार एअरच्या ई-१७५मध्येही हीच १२ आणि ६४ची मांडणी आहे.

यातून दोन विलक्षण गोष्टी घडल्या. पहिली: एम्ब्रेअरने ई-१७५ची नवी आवृत्ती, ई-१७५-ई२, तयार केली. इंजिन मोठं, इंधन कमी पिणारं. पण मोठ्या इंजिनामुळे विमानाचं वजन ३९ टनांच्या पुढे गेलं. डिसेंबर २०१९मध्ये ते पहिल्यांदा उडालं खरं, पण अमेरिकन वैमानिकांनी कलम बदलायला नकार दिला आणि विमान रखडलं. इंधन वाचवणारं विमान तयार आहे आणि गिऱ्हाईक जुनं विमानच मागतं आहे, अशी स्थिती.

दुसरी: युनायटेड एअरलाइन्सकडे ७६ सीटच्या विमानांची मर्यादा भरली होती, ५० सीटच्या विमानांसाठी मात्र जागा होती. त्यांनी ७० सीटचं सीआरजे-७०० घेतलं, त्यातल्या वीसेक सीट काढून टाकल्या आणि २०१९मध्ये ते सीआरजे-५५० म्हणून चालवायला सुरुवात केली. १० फर्स्ट क्लास, २० जास्त लेगरूमच्या, २० साध्या. रिकाम्या झालेल्या जागेत बॅगा ठेवायची कपाटं आली, पुढच्या प्रवाशांसाठी स्वतःच्या हाताने घ्यायचा खाऊचा कट्टाही आला. प्रवासी खूश झाले. एवढी ऐसपैस मांडणी झाली ती मात्र कराराच्या आकड्यामुळे.

आमच्या ओळखीतला एक तरुण वैमानिक हे ऐकून म्हणाला, "बघा, चांगली संघटना असली की विमानाचं ड्रॉइंगसुद्धा बदलतं." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पण त्याच टेबलावर बसलेल्या, बारा वर्षं केबिन क्रूमध्ये असलेल्या ताईंनी लगेच विचारलं, "आणि गॅलीच्या मापासाठी कोणाची संघटना भांडली रे?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडचे दोन आकडे: ऐंशी सीट, चाळीस टन

भारतात स्कोप क्लॉजसारखं काही नाही. इथे सरकारी सवलतींनी उंबरठे घातले. ८०पेक्षा कमी सीटच्या देशांतर्गत विमानांना आपल्याकडे अनेक विमानतळांवर लँडिंगचं शुल्क माफ राहिलेलं आहे. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ सीट, स्पाइसजेटच्या बऱ्याच क्यू-४०० या टर्बोप्रॉप विमानांतही ७८, दोन्ही या रेषेच्या आत. क्यू-४००मध्ये त्याहून जास्त सीट बसवता येतात, पण ८०वी सीट बसवली की प्रत्येक वेळी उतरताना बिल लागणार.

दुसरा उंबरठा इंधनाचा. विमानाच्या इंधनावर राज्य सरकारं कर लावतात आणि तो मोठा असतो. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे आणि रायगड जिल्ह्यांत हा कर २५ टक्क्यांवरून १८वर आणला. नवी मुंबई विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो, हे इथे ध्यानात घ्या. केंद्रीय विक्रीकर कायद्याने मात्र ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या प्रवासी विमानांच्या इंधनाला वेगळी, सवलतीची वागणूक दिली. ए-३२० साधारण ७८ टनांचं, त्याला हा लाभ नाही. ई-१९०सुद्धा ४० टनांच्या वर जातं. ई-१७५ बरोबर काठावर आहे. त्याच्या एका आवृत्तीचं कमाल वजन ३८.८ टन, दुसरीचं ४०.४ टन. विमान दिसायला तेच, कागदावर नोंदवलेलं वजन वेगळं. त्या कागदावरून इंधनाचं बिल बदलतं.

आता या सगळ्या रेषा एकमेकांवर ठेवून बघा. क्रू दोनच हवा तर सीट शंभरापर्यंत. लँडिंग फी नको तर ८०च्या आत. इंधन स्वस्त हवं तर ४० टनांच्या आत. मधोमध जी छोटी खिडकी उरते, तिथे ७६ ते ७८ सीटचं विमान बसतं. कंपनीने प्रवाशांना विचारून हा आकडा काढला असता तर तो कदाचित वेगळा आला असता.

आडवा छेद

सीट किती हे ठरलं की त्या कशा लावायच्या हा प्रश्न. इथे विमानाच्या नळीची रुंदी सगळं ठरवते आणि ती बदलता येत नाही.

ईआरजे-१४५ अरुंद आहे. वाटेच्या एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन. उंची साधारण सहा फूट, त्यामुळे उंच माणसाला वाकून चालावं लागतं. ई-१७५ आणि त्याची भावंडं, ई-१९० आणि ई-१९५, यांत दोन-दोन. मधली सीटच नाही. नळीचा छेद दोन वर्तुळं एकावर एक ठेवल्यासारखा असल्याने खांद्यापाशी रुंदी जास्त मिळते आणि प्रत्येक सीट सव्वाअठरा इंचांच्या आसपास रुंद निघते. एअरबसच्या ए-२२०मध्ये, म्हणजे पूर्वीच्या बोम्बार्डिअर सी-सिरीजमध्ये, एका बाजूला दोन आणि दुसरीकडे तीन. तिथे त्यांनी विचारपूर्वक एक गोष्ट केली: तिघांतली मधली सीट १९ इंच, बाकीच्या साडेअठरा. मध्ये बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कोपर लागतं, म्हणून त्याला अर्धा इंच जास्त. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट घेऊन ज्यांनी डोंबिवली ते ठाणे केलं आहे, त्यांना अर्ध्या इंचाची किंमत सांगावी लागणार नाही.

वाटेच्या रुंदीलाही नियम आहे. २० किंवा जास्त प्रवाशांच्या विमानात जमिनीपासून २५ इंच उंचीपर्यंत वाट किमान १५ इंच हवी, त्याच्या वर किमान २० इंच. खाली पाय जातात, वर खांदे, म्हणून दोन मापं. नेहमीची ट्रॉली साधारण १२ इंच रुंद असते. म्हणजे नियमातल्या किमान वाटेत ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच उरतो. प्रवाशाचं पाऊल बाहेर आलं की ट्रॉली अडते आणि ती पुढे ओढणाऱ्या मुलीला ओरडा मिळतो. ई-१७५ची वाट यापेक्षा रुंद आहे, जवळपास वीस इंच. क्रूला ते विमान आवडतं याचं एक कारण हेच.

पिच म्हणजे पाय पसरायची जागा नव्हे

जाहिरातीत "३० इंच पिच" असं लिहिलेलं असतं. पिच म्हणजे एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. पाठ पातळ असेल तर २९ इंच पिचमध्येही गुडघा लागत नाही, जाड असेल तर ३१मध्येही लागतो. नव्या पातळ सीट यासाठीच आल्या. त्या वजनाला हलक्या असतात, वजन कमी म्हणजे इंधन कमी. गादीही कमी असते. पाऊण तासाच्या प्रवासात चालतं, तीन तासांत कंबर बोलते.

सीट जमिनीतल्या रुळांवर बसवतात. रुळांना एक-एक इंचावर खाचा असतात, त्यामुळे रांगा पुढेमागे करताना इंच-इंचाने हलतात. ए-३२०सारख्या तीस रांगांच्या विमानात प्रत्येक रांगेतून एक इंच काढला की तीस इंच, म्हणजे एक नवी रांग तयार. वीस रांगांच्या रीजनल जेटमध्ये एक इंच काढून वीसच इंच मिळतात, रांग होत नाही. काही ठिकाणी दोन इंच काढावे लागतात आणि प्रवाशाला ते लगेच जाणवतं. म्हणून छोट्या विमानात नवी रांग हवी असेल तर कंपनीची नजर सीटच्या मधल्या जागेवरून सरकून दुसरीकडे जाते. गॅलीकडे, कपाटाकडे, टॉयलेटकडे.

एका मर्यादेपुढे सीट वाढवताच येत नाहीत, हेही सांगते. अपघातात निम्मे दरवाजे बंद आहेत असं धरून, अंधारात, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत. त्यामुळे दरवाजे किती आणि कुठे यावर सीटची कमाल संख्या ठरते. ई-१७५ला पंखांवरून बाहेर पडायचे दरवाजे नाहीत. पुढे दोन, मागे दोन, एवढेच. जास्त लेगरूमची एक्झिट रो मागणाऱ्या प्रवाशाला काउंटरवरची मुलगी "सर, या विमानात ती नाहीच" असं म्हणते तेव्हा ती टाळाटाळ करत नसते. ई-१९०मध्ये मात्र पंखांवर दरवाजे आहेत. सीटसुद्धा साध्या नसतात. समोरून १६ पट गुरुत्वाकर्षणाइतका धक्का बसला तरी सीट रुळातून सुटता कामा नये, अशी तिची चाचणी होते. बाजारातली स्वस्त गादी आणून बसवणं म्हणूनच शक्य नसतं.

गॅली, जंपसीट, टॉयलेट

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते.

छोट्या विमानाचा क्रू दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे चार-चार उड्डाणं करतो. विमान उतरतं, प्रवासी उतरतात, केबिन बघायची, पुढचे चढतात, दार बंद. मोठ्या परदेशी उड्डाणांत क्रूसाठी झोपायची जागा असते. इथे तसं काही नाही. बसायचं ते दाराशेजारच्या घडीच्या जंपसीटवर आणि जेवायचं ते गॅलीत उभ्याने, पडदा ओढून. टॉयलेट प्रवाशांचंच. ईआरजे-१४५मध्ये तर ५० प्रवाशांना आणि क्रूला मिळून एकच, तेही मागे. एकटी मुलगी ड्यूटीवर असेल तर ती केबिन सोडून आत कधी जाणार, याचा विचार नकाशा काढणाऱ्याने केलेला नसतो. ताई म्हणाल्या, "मासिक पाळीच्या दिवसांत मी सकाळपासून पाणी कमी पिते. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेच करतात." हे वाक्य मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं, कारण ते मला पटकन मान्य होईना.

गॅली लहान केली की काय होतं? "उड्डाण पाऊण तासाचं, गरम जेवण द्यायचं नाही, मग ओव्हन कशाला, एवढा ओटा कशाला?" असा कंपनीचा युक्तिवाद असतो आणि हिशेबाला तो बरोबर आहे. पण गॅलीत ओव्हनशिवाय इतरही बरंच होतं. उलटी झालेल्या मुलाला तिथेच आणतात. चक्कर आलेल्या आजोबांना तिथेच आडवं करतात, कारण वाटेत जागा नसते. ऑक्सिजनची बाटली, प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्याच्या पिशव्या याच कोपऱ्यात. हवा खराब झाली की उकळतं पाणी हातात धरून क्रू तिथेच उभा असतो. पाठीमागे भिंत एक फूट जवळ आली तर भाजण्याची शक्यता वाढते, एवढं साधं हे गणित.

जंपसीटचंही तसंच. उतरताना क्रू दाराजवळ बसलेला हवा आणि त्याला केबिन दिसायला हवी, असा दंडक. ती सीट मोडली तर प्रश्न गंभीर. आमच्या इंजिनिअर दादांनी समजावलं: कुठली वस्तू बिघडली असताना विमान उडू शकतं आणि किती दिवस, याची एक मंजूर यादी असते, तिला एमईएल म्हणतात. प्रवाशाची एक सीट मोडली तर तिच्यावर पट्टी लावून ती बंद ठेवायची आणि निघायचं. क्रूची जंपसीट मोडली तर क्रूला प्रवाशाच्या सीटवर बसवावं लागतं आणि भोवतालच्या सीट बंद कराव्या लागू शकतात. "आणि तरी खरेदीत सगळ्यांत कमी लक्ष त्या सीटकडे," दादा म्हणाले. रोज सहा वेळा उघडझाप होणारी ती सीट असते.

बारा बिझनेस सीटवरचं भांडण

एकमत होत नाही ते इथे. रेव्हेन्यू विभागात काम करणारा एक मुलगा ठाम होता: कारखानदार, डॉक्टर, वकील, आमदार हे पुढची सीट मागतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे देतात, ७६ सीटमध्ये १२ बिझनेस अगदी योग्य. ताईंचं म्हणणं, पन्नास मिनिटांच्या उड्डाणात चढणं-उतरणं वगळून सर्व्हिसला पंचवीसेक मिनिटं मिळतात. दोनच क्रू. एकीने बाराजणांना ट्रे द्यायचे, तेवढ्यात दुसरीने एकटीने ६४ जणांचं बघायचं. वैमानिकाची काळजी वेगळीच होती. लहान विमानात माणसं कुठे बसली आहेत यावर तोल ठरतो. पुढच्या सीट भरल्या आणि मागे मोजकीच माणसं असली की लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे वजन आणि तोलाचा कागद, जुळवताना काहींना मागे हलवावं लागतं. प्रवाशांना वाटतं क्रू उगाच त्रास देतो आहे.

माझं मत ताईंच्या बाजूला झुकतं. एक सुधारणा सुचवते: पुढच्या सीट रुंद ठेवा, जास्तीचे पैसे घ्या, पण ट्रेची सर्व्हिस छोट्या उड्डाणात बंद करा. रुंद सीट आणि आधी उतरायची सोय एवढ्यासाठीही लोक पैसे देतील, असं मला वाटतं. भारतात असले प्रयोग याआधीही झाले. दक्षिणेत पॅरामाउंट एअरवेजने २००५मध्ये एम्ब्रेअर जेट आणून बिझनेस क्लासवर भर दिला, ती २०१०मध्ये थांबली. विजयवाड्याची एअर कोस्टा २०१३ ते २०१७ चालली. दोन्हींचा गळा भाड्याने घेतलेल्या विमानांच्या मालकांशी झालेल्या वादांनी आवळला, त्यामुळे त्यावरून सीटच्या मांडणीबद्दल निष्कर्ष काढू नये.

रॅम्पवरच्या मुलाची तक्रार बॅगांची. ईआरजे-१४५मध्ये वरचं कपाट एकाच बाजूला आणि चाकांची केबिन बॅग त्यात बसत नाही. ती विमानाच्या दारातच घेऊन खाली पोटात टाकावी लागते. दारात वाद होतात, वेळ जातो, उशिराचा ठपका रॅम्पवर. ई-१७५मध्ये ती बॅग मावते. नव्या ई-२ मालिकेत कपाटं आणखी मोठी केली आहेत.

नवी मुंबईहून अशा विमानाने जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तर बरं. ईआरजे-१४५मध्ये इंजिनं मागे असतात, शांत हवं तर पुढे बसा. एकटे असाल तर एका सीटच्या बाजूला बसा, खिडकीही तुमची आणि वाटही तुमची. ई-१७५मध्ये इंजिनं पंखाखाली आहेत, तिथेही पंखाच्या पुढचा भाग शांत. शेवटची रांग टॉयलेटला लागून असते आणि बऱ्याचदा तिची पाठ मागे जात नाही.

कधी बोलायचं

हा विषय आत्ताच महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे नवी रीजनल विमानं येण्याची चिन्हं आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने रशियाच्या यूएसी या विमानं बनवणाऱ्या कंपनीबरोबर एसजे-१०० हे जेट भारतात बनवण्याबद्दल सामंजस्य करार केला. ते विमान दोन-तीनच्या मांडणीचं, शंभरएक सीटचं. म्हणजे मधली सीट आली, आणि शंभराची रेषा ओलांडली तर तिसरा क्रूही आला. तिसऱ्या क्रूचा खर्च टाळायला कोणी १०० सीट ठेवील, कोणी तो सोसून १०३पर्यंत जाईल. त्या तीन सीट कुठून येतील, हे आता तुम्हाला सांगायची गरज नाही.

विमान घेताना कंपनी आणि निर्माता मिळून आतला नकाशा ठरवतात. या धंद्यात त्याला लोपा म्हणतात. सीट, गॅली, टॉयलेट, जंपसीट, कपाटं, सगळं त्यात इंचासह असतं. निर्मात्याकडे केबिनचा पूर्ण आकाराचा नमुना उभा असतो, तिथे जाऊन दार उघडून, ट्रॉली ओढून बघता येतं. तिथे सहसा जातात ते खरेदीवाले, मार्केटिंगवाले, इंजिनिअरिंगचे साहेब. चार सेक्टर करून आलेली क्रू मेंबर त्या चमूत असली पाहिजे, आणि लाइनवर रात्री सीट दुरुस्त करणारा तंत्रज्ञही. ताईंनी त्यांची यादी मला लिहून दिली: मागच्या गॅलीत हात टेकायला आडवी दांडी, घडीची फळी, जंपसीटची गादी बदलता येण्याजोगी, गॅलीचा पडदा पूर्ण बंद होणारा, आणि क्रूची बॅग ठेवायला कुलूप असलेला कप्पा. यात सीट एकही कमी होत नाही.

हे सगळं नकाशावर सही होण्यापूर्वी मागायचं असतं. एकदा तो मंजूर झाला, विमान त्या मांडणीसह प्रमाणित झालं, की नंतर गॅली एक फूट हलवायची म्हटली तरी नवं ड्रॉइंग, नवी मंजुरी, वजनाचा नवा हिशेब आणि विमान काही दिवस जमिनीवर. उभ्या विमानाचं भाडं रोज चालू असतं, त्यामुळे तेवढ्यासाठी कोणी विमान थांबवत नाही. म्हणून ताईंच्या मैत्रिणींनी ठरवलं आहे की त्यांच्या कंपनीत नव्या विमानांची बोलणी सुरू झाल्याचं कळलं की पहिल्याच आठवड्यात ही यादी इन-फ्लाइट विभागाकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.